खंडेनवमीचं कुंकू

फार वर्षांपूर्वी एका बंद खोलीत, डोळ्यांना न दिसणारे कण टिपणारं यंत्र जुळवलं जात होतं. तिथल्या मऊ फडक्याने वर्षभर त्याच्यावर धूळ बसू दिली नव्हती.

खंडेनवमीला यंत्राचे भाग जुळवणारा चिमटा बाहेरच्या अवजारांच्या पूजेतून तसाच कुंकू माखून आत आला.

"चिमटेराव, ही धूळ घेऊन आधी बाहेर व्हा!" फडकं कडाडलं.

"फडक्या, सणाच्या कुंकवाला धूळ म्हणतोस?" असं म्हणत चिमटा यंत्रावर वाकला. कुंकू सांडून बारीक फटींत गेलं. फडक्याने संतापाने पुसपुस पुसलं, पण ते निघेना. सुरू केल्यावर यंत्राला एकही कण दिसेना.

"माझ्या मनात भक्तीच होती रे," चिमटा पुटपुटला.

"तुमच्या मनात भक्ती होती," फडकं म्हणालं, "यंत्राच्या डोळ्यांत मात्र कुंकूच गेलं."