मोराची अक्षरं

जंगलात लेझरने लाकूड कापायचं मशीन नवंनवं आलं, तेव्हाची गोष्ट. ते चालवायचा खंडेराव सुतारपक्षी. चिचुंद्रीच्या आंधळ्या पिल्लासाठी त्याला अक्षरं कापायची होती, म्हणजे ते चाचपून वाचायला शिकेल. अक्षरं काढून देणार होते मोरशेट.

मोरशेटांनी रंगीत फोटो पाठवला. "फोटो नको, रेषांची फाईल द्या. मशीन रेषेवरूनच कापतं," खंडेरावाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी एसव्हीजी, म्हणजे रेषांची म्हणतात ती फाईल आली. उघडली, तर आत तोच फोटो चिकटवलेला! तिसऱ्या दिवशी डीएक्सएफ, म्हणजे रेषांच्याच दुसऱ्या प्रकारची फाईल आली, तर ती उघडेचना. फोटोचंच नुसतं नाव बदललं होतं.

"अहो, किती वेळा सांगू?" खंडेराव कावला. "नाव बदलून रेषा येतात होय?"

"पण रंग बघ ना कसे खुललेत!"

वैतागून खंडेरावाने फोटोच मशीनला दिला. फळीवर नुसती काजळी उमटली. पिल्लू तिच्यावर पंजा फिरवत राहिलं. "आई, अक्षर कुठंय गं?"

मोरशेटांनी पिसारा मिटला. तिथेच बसून त्यांनी 'अ'ची कड एका सलग रेषेत काढली आणि फाईल दिली. मशीनने 'अ' सुटा कापला. पिल्लाने तो दोन्ही पंजांत घट्ट धरला, आणि झोपतानाही सोडला नाही.