सरदारांचा ताठ झगा

नायजेरियातल्या एका गावात अबेनी नावाची रंगारीण राहत होती. ज्या कसाव्याच्या कंदाचा साबुदाणा होतो, त्याचीच खळ शिजवून ती कापडावर पक्षी, मासे, वेली काढायची आणि मग ते कापड निळीत बुडवायची. खळ लावलेला भाग पांढराशुभ्र राहायचा. गावातल्या कितीतरी बायकांची चूल याच कलेवर पेटत होती.

ऐन जत्रेच्या सकाळी सरदार ओगुनडेले भर बाजारात गरजले, "कसावा ही खायची वस्तू आहे! कापडाला त्याची खळ फासणं म्हणजे अन्नाचा अपमान. खळ लागलेलं प्रत्येक कापड जप्त करा!"

शिपाई गठ्ठे ओढू लागले. बायका रडकुंडीला आल्या. अबेनी पुढे झाली.

"सरदार, हुकूम सगळ्यांना सारखाच ना?"

"अगदी माझ्या सख्ख्या भावालाही सूट नाही!"

अबेनी शिपायांकडे वळली. "मग आधी सरदारांचा झगा उतरवा. तो इतका ताठ उभा राहिलाय, तो कसाव्याच्या खळीनंच ना?"

बाजारात हशा पिकला. दोन शिपाई गोंधळून खरंच सरदारांकडे सरकले. सरदारांनी दोन्ही हातांनी झगा घट्ट धरला.

"अरे, थांबा! थोडी खळ चालते!"

"थोडी म्हणजे किती, सरदार?" अबेनीनं विचारलं. "अब्रू झाकली जाईल इतकी?"

आता सरदारांनाही हसू आवरेना.

"सोडा रे ते गठ्ठे," ते म्हणाले, "नाहीतर ही बाई मला उघडाच घरी पाठवील!"