पालीचा होकार

या गोष्टीइतकी जुनी गोष्ट त्रिभुवनात नाही. आता त्रिभुवन जाऊ द्या, आमची फेरी शेजारगावच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही. पण गोष्ट जुनी आहे, एवढं खरं.

तर फार फार पूर्वी, दगडही सावली शोधत फिरावेत अशा एका तापलेल्या मुलखात सटवाजी नावाचा गृहस्थ राहत होता. घर पणजोबांनी बांधलेलं. भिंती जाड मातीच्या, वर मातीचंच सपाट छत, म्हणजे माळवद, आणि माळवदाला एक धुराडं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण विहीणबाईंनी निरोप धाडला, "तुमचं घर म्हणजे भट्टी. गार केलंत तर पोर ठेवीन, नाहीतर आल्या गाडीनं परत नेईन."

सटवाजीची बायको चिमणाबाई डोळ्यांना पदर लावून बसली.

त्यानं राजवाड्यात वाळ्याचे ओले पडदे पाहिले होते. घरातल्या साऱ्या खिडक्यांना त्यानं तसेच पडदे लावले. मग वर धुराड्याकडे बघून म्हणाला, "आपण पाणी शिंपून मरायचं आणि गारवा या भोकातून पळणार? बुजवतोच!"

भिंतीवरची पाल म्हणाली, "चुक् चुक्."

"ऐकलंस?" सटवाजी बायकोकडे वळला. "पालसुद्धा माझंच खरं म्हणते!"

चूल अंगणात गेली, धुराडं बुजलं. पहिल्या दिवशी घर गार झालं. मग भिंती घामेजल्या, अंथरुणं दमट झाली, डब्यातले पापड मऊ पडले. अशात विहीणबाईंबरोबर लेक आली. आत पाऊल टाकताच तिचा जीव घुसमटला. "आबा, श्वासच घेववत नाही हो!"

विहीणबाई गाडीवानाला म्हणाल्या, "बैल सोडू नकोस रे."

सटवाजी पालीवर खेकसला, "खोटारडे, होकार कशाला दिलास?"

"होकार? अहो, 'चूक, चूक' म्हणत होते मी!" पाल म्हणाली. "धुराडं म्हणजे या घराचं नाक. नाक दाबलं की माणूस गार होतो खरा, पण कायमचा."

सटवाजीनं शिडी लावली. धुराडं मोकळं केलं. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीचा पडदा तेवढा ठेवला, बाकीचे काढले. ऊन हवा वर निघून गेली, झुळूक आत आली. थंडीसाठी त्यानं धुराड्याला दोरीनं ओढायचं झाकण बसवलं. चूल पुरती विझली की ते लावायचं, म्हणजे भिंतीत मुरलेली ऊब घरातच राहील.

लेक भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. सटवाजी तिच्याकडे बघत राहिला. या घरात तो जन्मभर वावरला होता, पण घराचं म्हणणं आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

बैल सुटले. विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, आमच्याही घराला असं काही करून द्या की."

सटवाजीची छाती फुगली. "देतो की! पण ध्यानात ठेवा, जुन्या घरात नवी सोय आणायची, तर आधी त्या घराचा श्वास कुठून चालतो ते बघावं."

"बघा हो, जरूर बघा," विहीणबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे पाली नाहीत. तुम्हाला सांगणार कोण?"