अंतऱ्यातलं नाव

"बाई, त्या जागी दुसरं नाव बसेल का?"

बिंबाबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता चालूच राहिला.

विचारणारे होते नरहरबुवा खांबेटे. डोक्याला जरीची पगडी, खांद्यावर शाल, आणि बसायला स्वतः घरून आणलेली धाबळी. लोकरीला विटाळ होत नाही, म्हणून धाबळी. बाईंच्या घरातल्या सतरंजीवर बुवा आजवर कधी बसले नव्हते.

गवयांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात. बहुतेकींत गुरू दयाळू असतो, शिष्य रडतो आणि शेवटी सगळ्यांचं भलं होतं. मला त्यांचा वीट आलाय. ही तसली नाही, म्हणून सांगतो.

साल होतं राणीच्या ज्युबिलीचं. विलायतेतल्या बाईच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून आपल्याकडचे संस्थानिक दिवाळी करत होते. कमानी, दारूकाम, हत्तींना नव्या झुली. लग्नाच्या वरातीत सनईच्या जागी बँड आला होता आणि त्यावर नाटकातली पदं वाजत होती. तीच पदं न्हावी गुणगुणत होता, मामलेदारही गुणगुणत होता.

आणि त्याच सुमाराला शहाण्यासुरत्या मंडळींना एकाएकी साक्षात्कार झाला की नायकिणींचं गाणं ऐकणं वाईट. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून ऐकलं तेव्हा वाईट नव्हतं. असो.

बिंबाबाई अशाच एक नायकीण, देवळातल्या गाणाऱ्या. आई गात होती, आजी गात होती. पंचांनी ठराव केला आणि बाईंची देवळातली सेवा बंद झाली. मग बैठकी बंद झाल्या. मग घसाही गेला, जसा काही त्यालाही ठराव कळला होता.

राहिला होता आईचा तंबोरा. हस्तिदंती खुंट्यांचा, भोपळ्यावर वेलबुट्टी काढलेला. बाई रोज दुपारी तो जुळवत आणि नुसता छेडत बसत. गाणं नाही, नुसता तंबोरा. गल्लीला त्याची सवय झाली होती.

त्याच तंबोऱ्यावर नरहर शिकला होता.

माधुकरी मागत फिरणारं ब्राह्मणाचं पोर. देवळात बाईंचं गाणं ऐकलं आणि खांबाला चिकटून उभं राहिलं ते हलेना. बाईंनी विचारलं, शिकतोस का? तो मागच्या दारानं येऊ लागला. मिसरूड फुटायच्या आधी आला आणि लग्न झाल्यावर यायचा थांबला. एवढ्या सगळ्या वर्षांत बाईंच्या घरचं पाणी त्याच्या ओठाला लागलं नाही. शिकवणी झाली की विहिरीवर जायचा, आंघोळ करायचा, मग घरी. बाईंना ते माहीत होतं. ओल्या डोक्यानं थंडीत बाधेल, म्हणून थंडीच्या दिवसांत त्या शिकवणी ऊन असतानाच उरकत.

आता तोच नरहर बुवा झाला होता. गळा तयार, नाव झालेलं. फक्त एक अडचण होती. कोणी विचारलं, बुवा, तालीम कोणाची, तर सांगायचं काय?

बुवांनी त्यावर तोड काढली होती. ग्वाल्हेरकडचे एक कादरखाँ एकदा गावात मुक्कामाला आले होते. नरहरनं त्यांना वारा घातला होता आणि पिकदाणी पुढं केली होती. खाँसाहेब पुढं वारले. मागं कोणी नाही. तेव्हापासून बुवा सांगत, आमची तालीम कादरखाँसाहेबांची.

आणि सांगताना कानाच्या पाळीला हात लावत. गवयांची रीतच आहे ती. गुरूचं नाव तोंडातून असंच जाऊ द्यायचं नाही, कानाला हात लावून घ्यायचं. नरहरला ती बाईंनीच शिकवली होती. त्या आईचं नाव अशाच घेत.

अडकित्ता थांबला.

"कुठलं नाव म्हणतोस?" बाईंनी विचारलं.

बुवांनी सगळं सांगितलं. ज्युबिलीच्या दरबारात गाणं होतं. महाराज नवे होते, तरुण होते, कानाचे पक्के होते. गाणं पसंत पडलं तर दरबारगवई म्हणून नेमणूक, राहायला घर, जन्माची ददात मिटली. नाही तर एक नाटक कंपनी बोलावतच होती, नटांच्या पोरांना पदं घोकवायला. बुवांनी ते असं सांगितलं, जसं काही कोणी फाशीच दिली होती.

महाराजांनी बुवांच्या तोंडून एक भीमपलास ऐकला होता. बाईंनी त्या रागात बांधलेली चीज. चिजेचे दोन भाग असतात, अस्थाई आणि अंतरा, आणि बांधणारा आपलं नाव अंतऱ्यात घालतो. बुवा आजवर नुसती अस्थाई गात. अंतऱ्याशी आले की हसून मागं वळत आणि म्हणत, अंतरा घराण्याबाहेर द्यायची आज्ञा नाही. लोक माना डोलावत. पण महाराज म्हणाले होते, दरबारात पुरी चीज ऐकू.

आणि अंतऱ्यात नाव होतं...

"बिंबा ठाडी द्वार तिहारे," बाई पुटपुटल्या. बिंबा तुझ्या दारात उभी आहे, एवढाच अर्थ; बसक्या आवाजात ते गाण्यासारखं वाटलंच नाही.

तेच. बिंबा. समेवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर, ठसठशीत. लपवू म्हटलं तरी लपत नव्हतं. थोरल्या महाराजांच्या वेळचे दोन-चार म्हातारे दरबारात अजून होते. बिंबा म्हटल्यावर त्यांना काय ते कळलं असतं. मग कुठले कादरखाँ आणि कुठली नेमणूक?

म्हणून बुवांनी त्या जागी 'कादर' घालायचं ठरवलं होतं. बसतंय का, ते बाईंनी ऐकावं. आणि दरबारातून कोणी चौकशीला आलं, तर बाईंनी मूग गिळून बसावं. एवढंच मागणं होतं. एवढंच, असं ते खरोखर म्हणाले.

बाईंनी अडकित्ता खाली ठेवला. आता बुवांना जरा बरं वाटेना.

मग बाईंनी भिंतीशी ठेवलेल्या तंबोऱ्याकडं बोट केलं.

"गा."

बुवांनी तंबोरा घेतला. हातांना तो अजून ओळखीचा होता. जुळवला, डोळे मिटले, अस्थाई भरली. गळा सुरेखच होता हो, त्यात वाद नाही. बाईंचा गळा गेला तो कुठं गेला, हे त्या दुपारी कोणालाही सांगता आलं असतं.

मग अंतरा. कादर ठाडी द्वार तिहारे...

मला वाटलं होतं, इथं काहीतरी व्हावं. तार तुटावी, सूर अडखळावा, निदान सम तरी चुकावी. असं काही झालं नाही. नाव चपखल बसलं. बिंबापेक्षा कणभरही कमी नाही. गाण्याला कोणाचंही नाव चालतं.

आणि कादरवर समेला येताना बुवांचा उजवा हात तारांवरून सुटला आणि कानाला लागला. आपसूक. डोळ्यांच्या कडासुद्धा ओलावल्या.

बाई तो हात पाहत राहिल्या.

"बसलं का?" बुवांनी डोळे उघडून विचारलं.

"बसलं."

बुवांचा जीव भांड्यात पडला. 'ठाडी' हे बाईचं रूप तसंच ठेवलं तरी चालेल, खाँसाहेब मंडळीसुद्धा बाईच्याच बोलीत चिजा बांधतात, असं ते हौसेनं सांगू लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

बुवांना नेमणूक मिळाली का, हे आताच सांगून टाकतो. मिळाली. म्हातारपणापर्यंत घरचं दूधदुभतं खाल्लं त्यांनी. तो भीमपलास पुढं शिष्यांनी गायला, शिष्यांच्या शिष्यांनी गायला, कादरच्या नावानं, कानाला हात लावून. त्याची काळजी नको. त्या दुपारी आणखी काय झालं, तेवढंच राहिलंय.

"माझं म्हातारीचं नाव आणखी कुठंच नाही, नरहर," बाई म्हणाल्या. "देवळाच्या फरशीवर नाही. लेकराबाळांत नाही. त्या एका समेवर आहे. तू मागतोस तर देते. पण आधी एकदा घे."

"काय घेऊ?"

"नाव. माझं. जसं खाँसाहेबांचं घेतलंस तसं."

बुवा हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की बाई हसत नाहीत. ते म्हणाले, बाई, तुमचं नाव तर माझ्या मनात रोजच असतं.

"मनात नको. गवयाला तोंड कशाला दिलंय?"

गल्लीकडचं दार उघडं होतं. बुवा तंबोरा भिंतीला टेकवून ते लावायला उठले. बाई म्हणाल्या, असू दे. ते परत बसले.

ऊन उतरत आलं होतं. दुपारची झोप आटपून गल्ली जागी होत होती. विहिरीवरचा रहाट कुरकुरू लागला होता. बुवांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. बाई सुपारी विसरून बसल्या होत्या. सगळ्या आयुष्यात त्या बाईनं कोणाकडं काही मागितलं नसेल. आता मागत होती आणि ते तिच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. मला ते सांगतानाही बरं वाटत नाही.

बुवांनी घसा साफ केला. "आमची तालीम..." ते म्हणाले. हात वर निघाला. "आमची तालीम बिं..."

दारात सावली आली.

देवळाचे पुजारी, दामोदरभट. हातात पळीपंचपात्र, संध्याकाळच्या पूजेला निघालेले. वाकून आत पाहिलं आणि दचकलेच.

"बुवा? तुम्ही इथं कसे?"

हात कानाच्या जवळ पोचला होता. दोन बोटांचं अंतर असेल. तिथून तो वर गेला आणि त्यानं पगडी नीट केली.

"तंबोरा," नरहरबुवा म्हणाले. आवाज स्वच्छ, खणखणीत, दरबारी. "जुना तंबोरा विकायचा आहे असं कानावर आलं. म्हटलं, बघून जावं. या लोकांकडं कधीकधी चांगली वस्तू निघते."

दामोदरभटांना पटलं. त्यांनी तंबोऱ्याकडं पाहून मान हलवली, बाईंकडं न पाहता. वस्तू चांगली आहे, घासाघीस करा, असं सांगून ते पुढं गेले.



बुवा मान खाली घालून बसले होते. त्यांनाही लाज होती, नव्हती असं नाही. बाई, मी... असं काहीतरी त्यांनी सुरू केलं आणि सोडून दिलं. शेवटी त्यांनी धाबळीची घडी केली आणि उठले. पाय जुन्या सवयीनं मागच्या दाराकडं वळले.

बाई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. भिंतीला टेकवलेला तंबोरा त्यांनी उचलला. पदरानं त्याचा भोपळा पुसला, खुंट्या पुसल्या, तारांवरून एकदा बोट फिरवलं. तो अजून बुवांनी लावलेल्या भीमपलासाच्या सुरात होता.

बुवांना काही समजेना. बाईंनी तंबोरा त्यांच्या हातात दिला, आणि बोलण्याच्या ओघात गाण्यातली एखादी बारीक चूक दुरुस्त करावी तशा म्हणाल्या,

"मागच्या दारानं नको, पुढच्या दारानं जा. आणि हा हातात धरून जा, नरहर. नाहीतर गाव म्हणेल, बुवा खोटं बोलले."