जात्यावरचं फूल

एकदा एका डोंगराळ मुलखात एक वृद्ध पाथरवटीण राहत होती. आसपासच्या बारा गावांतली जाती तिच्या हाताखालून जात. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो. मग दाणा भरडला जात नाही, नुसता घरंगळतो. तेव्हा छिन्नीने त्या दगडावर बारीक बारीक टिंबं मारून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो. याला टाकी लावणं म्हणतात. पन्नास वर्षं म्हातारीने हेच केलं होतं. ती टाकी लावून गेली की बायका निर्धास्तपणे दळायला बसत, पीठ चिमटीत धरूनही बघत नसत.

तिची शिष्या गोजरा. ऐन पंचविशीत विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा म्हातारीने तिला आपल्या पदराखाली घेतलं आणि हातात छिन्नी दिली. नात्याची नसूनही गोजरा तिला आत्या म्हणे. त्याला आता वीस वर्षं झाली होती.

या वीस वर्षांत गोजरा थकली होती. मनगटं दुखत. दगडाची भुकटी डोळ्यांत जाऊन जाऊन पापण्या कायमच्या लाल झाल्या होत्या. पण खरा थकवा अंगाचा नव्हता. एका गावातली जाती संपवून पुढच्या गावी जावं, बारा गावं फिरून परत यावं, तर पहिल्या गावातल्या टाक्या झिजून गेलेल्या असत. त्याच दगडावर पुन्हा तीच टिंबं. तिच्या भावाने एका विहिरीचं तोंड बांधलं होतं. भाऊ गेला, पण त्या दगडांवर हात टेकून बायका अजून पाणी शेंदत. तिच्या दिराने घडवलेल्या नंदीला लोक हळद वाहत. आणि आपण? गोजराच्या मनात येई, आज मी डोळे मिटले, तर कुठल्या तरी जात्यावरची माझी शेवटची टाकी पावसाळ्यापर्यंत बुजेल. ती बुजली की मी होते याची खूण राहणार नाही. ना पोट पिकलं, ना हातचं काही राहिलं.

हे तिने एकदा आत्याला बोलूनही दाखवलं. म्हातारी चुलीवरची भाकरी उलटत होती. ती इतकंच म्हणाली, "भूक लागली असेल तुला. बस."

गोजराला त्याचा राग आला. पण ती जेवायला बसली.

सुगीचे दिवस आले. एका गावच्या वेशीवर पोचता पोचता म्हातारीला ताप भरला. गोजराने तिला देवळाच्या पडवीत निजवलं आणि हत्यारांची थैली घेऊन ती एकटीच गावात गेली. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळी माणसं शेतात. रीतीप्रमाणे घरोघरी जाती ओसरीवर काढून ठेवलेली होती. पाथरवटिणीने यावं, टाकी लावावी, ओसरीच्या कोपऱ्यात सुपात झाकून ठेवलेलं धान्य घ्यावं आणि जावं. पुढे उभं राहून बघण्याची गरज कुणाला कधी वाटली नव्हती.

तुळसाबाई नावाच्या एका बाईच्या ओसरीवर गोजरा बसली. जातं मोठं होतं. काळाभोर, एकसंध दगड, कुठे शीर नाही की भेग नाही. त्यावर हात फिरवताना तिला वाटलं, असा दगड पुन्हा मिळायचा नाही. टिंबं मारायची तर ती झिजणारच. पण खोल मारली तर? बोटाच्या पेराएवढी खोल? शंभर वर्षं दळलं तरी बुजणार नाहीत.

तिने खालच्या तळीवर आठ पाकळ्यांचं फूल कोरलं. पहिल्या पाकळीला मन बिचकत होतं. तिसरीला हात सरावला. आठवी होईपर्यंत ऊन उतरलं होतं आणि मनगटाचं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. कितीतरी वर्षांनी तिला आपल्या कामाकडे बघत बसावंसं वाटलं. ती बसलीही थोडा वेळ. मग वरचा दगड जागच्या जागी ठेवून निघाली. देवळात आल्यावर आत्याने विचारलं, "झालं सगळं?"

"झालं," गोजरा म्हणाली.

दीड महिन्याने परतीच्या वाटेवर त्या पुन्हा त्याच गावात आल्या. वेशीवरच तुळसाबाई भेटली. डोक्यावर गवताचा भारा होता, तो तिने धाडकन खाली टाकला.

"बरं झालं, भेटलात, आजी. तुमचीच वाट बघत होते. चला घरी. आमच्या मामंजींना भेटा. होत्या नव्हत्या त्या दोन दाढा, त्यातली एक तुमच्या टाकीने खाल्ली."

म्हातारीला काही कळेना. गोजरा मात्र दोन पावलं मागे राहिली.

घरी जाऊन बघतात तर जातं ओसरीवर नव्हतं. खालची तळी गोठ्याच्या भिंतीशी पडलेली होती आणि कोंबड्या तिच्यावर चढून पाकळ्यांत अडकलेले दाणे टिपत होत्या. फुलाचा एकही कंगोरा झिजला नव्हता. कोरलं त्या दिवशी जसं होतं तसंच्या तसं. कारण त्या जात्यावर कुणी दळतच नव्हतं.

"फूल बघा, फूल," तुळसाबाई म्हणाली. "पहिल्या दिवशी मलाही वाटलं, आजीने हौसेने काढलंय. दळायला बसले तर निम्मे दाणे त्या पाकळ्यांत जाऊन बसलेले, आणि पडलं ते पीठ नव्हे, भरडा. त्यात दगडाची कच. आठ दिवस चाळून चाळून खाल्लं. लेकरांची पोटं बिघडली. आता महिना झाला, पहाटे उठून शेजारणीकडे दळायला जाते. तिचं तोंड बघावं लागतं ते वेगळंच."

ओसरीवरून म्हाताऱ्या सासऱ्याचा आवाज आला, "दाढेचं सांगितलंस का?"

"सांगितलं, मामंजी."

म्हातारी तळीजवळ वाकली. तिने पाकळीच्या खाचेत बोट घातलं, बोटाला लागलेली कच निरखली. मग मान वर केली आणि गोजराकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. पण गोजराला मान वर ठेवता येईना. आता हे लोक आपल्याला हाकलणार, हे तिला कळून चुकलं. एका गावात बातमी झाली की बाराही गावांत व्हायला वेळ लागत नाही. छिन्नीशिवाय दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी नवं काही शिकायला ती कुठे जाणार होती?

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "चूक माझी आहे, बाई. हे काम माझ्या नावावर धर."

तुळसाबाई जरा वरमली. "तसं नव्हे, आजी. वय झालं की हात जायचाच. पण मग सांगावं माणसाने. यापुढे तुम्ही बसा सावलीत. जात्याला हात लावू द्यायचा तर या गोजरालाच."

"बरं," म्हातारी म्हणाली.

गोजरा खाली वाकून थैलीची गाठ सोडू लागली.

पुढचे चार दिवस दोघींनी ती तळी आधी छिन्नीने तासली, मग घासली. ओली वाळू टाकायची, वरून दुसरा दगड फिरवायचा, पुन्हा वाळू, पुन्हा दगड. फुलाच्या पाकळ्या उथळ होत होत नाहीशा झाल्या. मग गोजराने रीतीप्रमाणे टाकी लावली. म्हातारी सावलीत बसून राहिली. येणारीजाणारी बाई तिच्याकडे दयेने बघे आणि पुढे जाऊन दुसरीच्या कानाला लागे.

गाव मागे पडल्यावर गोजरा वाटेतच मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"आत्या, तुम्ही असं का केलंत? पन्नास वर्षांत तुमच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तेवढंच तर होतं तुमच्यापाशी. ते माझ्यापायी घालवलंत."

म्हातारी तिच्याजवळ टेकली. आपले गुडघे चोळू लागली. मग म्हणाली, "टाकी कशाला लावतो आपण, गोजरे?"

"पीठ पडावं म्हणून."

"आणि पीठ पडतं तेव्हा टाकीचं काय होतं?"

"झिजते."

"झिजते म्हणूनच पडतं ना? दाण्याबरोबर तीही कणाकणाने जाते. लोकांचा विश्वास तसाच असतो. पन्नास वर्षांत माझ्यापाशी थोडा साठला होता. तो घेऊन मी कुठे जाणार? सरणावर? आज तुझ्या कामी आला. तुला त्यांनी हाकललं असतं, तर माझ्यामागे या बारा गावांत टाकी लावायला कोण होतं? तू म्हणतेस, आपलं काही उरत नाही. अगं, माझं जे उरायचं ते रस्त्यावर बसून रडतंय."

गोजराने पदराने डोळे पुसले. म्हातारी पुन्हा म्हणाली, "फूल तू चांगलं काढलं होतंस. हात आहे तुझा. पण काढताना तू फुलाकडे बघत होतीस. पहाटे उठून तिथे जी बसणार होती, तिचा खांदा तुला दिसला नाही. एवढंच चुकलं."

"मी थकले आहे, आत्या."

"मीही थकलेय. हे काम थकवणारंच आहे. थकली म्हणून बाई वाया गेली, असं थोडंच असतं? चल, ऊठ. मला उठव आधी."

दोघी एकमेकींचा हात धरून उठल्या.

पुढच्या गावी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पहिल्याच घरच्या बाईने ओसरीवर घोंगडी अंथरली आणि म्हातारीला म्हणाली, "तुम्ही इथे बसा, आजी. हात बिघडलाय म्हणे तुमचा. टाकी गोजरा लावेल."

म्हातारी निमूटपणे घोंगडीवर बसली. गोजराने थैली सोडली, छिन्नी काढली आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली. आत्याने दिलेलं घ्यायचं आणि गप्प राहायचं, इतकं सोपं होतं ते. घरातली बाई जातं पुढे ढकलत होती.

"थांबा," गोजरा म्हणाली. "तो हात यांचा नव्हता. यांना त्या दिवशी ताप होता, देवळात निजून होत्या. ते फूल मी काढलं होतं."

बाईचे हात थांबले. म्हातारीने डोळे मिटून घेतले. बाईची सून आतून डोकावली आणि सासूचा चेहरा बघून पुन्हा आत गेली.

"तू काढलंस? दगडावर फूल?" बाई म्हणाली.

"हो."

"कशाला?"

"माझं काहीतरी मागे राहावं म्हणून."

बाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या लाल पापण्या, भुकटीने पांढरे झालेले केस, मनगटाला गुंडाळलेली चिंधी. गोजरा निघून जायच्या तयारीनेच उभी होती. छिन्नी थैलीत टाकायला तिने हात खाली नेलाही. तेव्हा बाईने जातं आणखी वीतभर पुढे सरकवलं.

"माझ्या जात्यावर फुलंबिलं काढायची नाहीत, आधीच सांगून ठेवते. मला दळायचंय. देव्हारा नाही मांडायचा."

"नाही काढणार."

"आणि मी इथेच बसणार. बघत."

"बसा."

गोजरा खाली बसली. टिंबाशेजारी टिंब, ना खोल ना उथळ, कडेपासून मध्याकडे. बाई गुडघ्यावर हनुवटी टेकवून बघत होती. गोजराने मध्येच हात थांबवून विचारलं, "दळताना कुठल्या हाताने ओढता?"

"उजव्या. पण दोन वर्षं झाली, उजवा खांदा धरतो. मग डाव्याने."

गोजराने मान हलवली आणि पुढची टिंबं जरा जवळ जवळ घेतली, जातं हलकं जावं म्हणून. घोंगडीवर म्हातारीला डुलकी लागली होती.

काम संपल्यावर बाईने तळीवरून तळहात फिरवला. पायलीभर ज्वारी आणून ती दळायला बसली. चार फेरे झाले आणि जात्याभोवती पीठ पडू लागलं, पांढरं, मऊ. बाईने चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मग दुसरी चिमूट घेऊन ती गोजरापुढे धरली. गोजराने चाखली. कच नव्हती.

"किती दिवस जाईल ही टाकी?" बाईने विचारलं.

"पावसाळ्यापर्यंत."

"मग?"

"मग मी परत येईन," गोजरा म्हणाली. वीस वर्षं हे वाक्य ती कपाळाला आठी घालूनच म्हणत आली होती. आज ते म्हणताना तिचं लक्ष बाईच्या उजव्या खांद्याकडे होतं.