कुत्र्याचा मान

एकदा एक वृद्ध पशुवैद्य आपल्या शिष्यासह माळावर उतरलेल्या एका धनगरवाड्यावर मुक्कामाला गेले. वाडा म्हणजे उघड्यावरचा संसार. जाळीच्या कुंपणात मेंढरे, बाहेर तीन दगडांची चूल आणि राखणीला हौश्या नावाचा थोराड कुत्रा. वाड्याचा धनी धुळाप्पा आपल्या लहानग्या लेकीला, ठकूला, एकट्याने वाढवत होता. तिच्या आईचे पोट हळूहळू फुगत गेले होते आणि एके दिवशी पाण्याचा हंडा उचलताना ती जी कोसळली, ती पुन्हा उठली नाही. कुणी म्हणाले करणी, कुणी म्हणाले नजर. तेव्हापासून ठकू हौश्याच्या गळ्यात हात टाकून झोपत असे.

त्याच आठवड्यात कळपावर लांडगा आला होता. कान फाटला तरी हौश्या मागे हटला नाही. धुळाप्पाने देवाला एक मेंढा कापला. अशा वेळी मेंढ्याचे कच्चे काळीज सर्वांच्या आधी राखणदाराला घालायचे, अशी त्यांची पिढीजात रीत होती. तिला ते 'कुत्र्याचा मान' म्हणत. काळीज बाहेर निघाले तर त्यावर पाण्याने भरलेले पांढुरके फोड होते. असले काळीज माणसे खात नाहीत. म्हणजे मानही झाला आणि माणसांच्या ताटातले काही गेलेही नाही! आपली व्यवहारबुद्धी देवाच्या दारीसुद्धा डुलकी घेत नाही.

धुळाप्पाने काळीज हौश्यापुढे ठेवले मात्र, एरवी काठी टेकत चालणारे वैद्य पुढे झेपावले आणि त्यांनी ते गुरगुरणाऱ्या कुत्र्यासमोरून ओढून घेतले. त्यातला एक फोड त्यांनी वाटीत काढून ठेवला. उरलेले काळीज खोल खड्ड्यात घालून वर माती लोटली आणि ती उकरता येऊ नये म्हणून मोठाले धोंडे रचले.

शिष्याला लाज वाटली. मेंढीला सुई टोचतानाही 'क्षमा कर, माये' म्हणणारे हे गुरू, आणि जखमी मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढतात? धुळाप्पा तर संतापून वैद्यांच्या समोर येऊन उभा राहिला.

"बाबा, पावणं हायसा म्हणून गप ऱ्हातोय. माझ्या मेंढरांपायी त्यानं रगात सांडलं, आन् तुमी त्याचा मान मातीत घातला?"

"रागावण्याआधी इकडे ये," वैद्य म्हणाले. त्यांनी वाटीतला फोड जपून उघडला आणि वाटी उन्हात धरली. पाणी स्वच्छ होते आणि तळाशी बारीक रव्यासारखे पांढरे कण बसले होते. "यातला एकेक कण म्हणजे एकेका जंताचे डोके आहे. कुत्र्याच्या आतड्यात गेला की तिथे वाढतो. वाढून वाढून तिळाएवढा! याला डोळे नाहीत, पाय नाहीत, तोंडसुद्धा नाही. पण याचा प्रवास पाहा. डोळ्यांना दिसणार नाहीत अशी याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. मेंढी ते गवत चरते. अंडे पोटात फुटते, आतला जीव रक्तातून वाट काढत काळजात जाऊन बसतो, भोवती पाण्याचे घर बांधतो आणि वर्षानुवर्षे वाट पाहतो. कशाची? कुणीतरी मेंढी कापून हेच काळीज कुत्र्याला घालील, याची! एवढा अफाट माळ, एवढे गवत, आणि त्यात या तिळाला आपला मुक्काम सापडतो. जन्म गेला हे पाहण्यात. अजूनही हात जोडावेसे वाटतात."

शिष्य वाटीकडे पाहतच राहिला. ज्याची किळस यावी, त्यासमोर आपली मान लवते आहे हे त्याचे त्यालाच नवल वाटले.

"आणि माणूस, गुरुजी?"

"माणूस त्याच्या वाटेवरचा नाही. पण अंडी कुत्र्याच्या केसांना लागतात, केसांची हाताला, हाताची भाकरीला. चुकून माणसाच्या पोटात गेला, तरी तो जीव आपले काम सोडत नाही. तिथेही पाण्याचे घर बांधतो. ते वाढत जाते. कधी अंगावर ताण पडला की फुटते, आणि माणूस जागच्या जागी जातो."

वैद्यांनी वाटीत उकळते पाणी ओतले. धुळाप्पाने खड्ड्यावरच्या धोंड्यांकडे पाहिले.

"म्हंजी मीच का, बाबा? दरसाल माझ्याच हातानं मान द्येत हुतो."

"ठकूच्या आईला हेच झाले होते का, ते आता मला छातीठोकपणे सांगता येणार नाही," वैद्य हलक्या आवाजात म्हणाले. "असेलही. तू दिलेस ते मायेने दिलेस, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले. पोरीला उद्याच शहरात ने. पोटाची सोनोग्राफी होते, त्यात दिसते. आत काही असलेच तर वेळेत कळेल."

धुळाप्पाची नजर कुऱ्हाडीकडे गेली, तिथून हौश्याकडे.

"ते नको," वैद्य म्हणाले. "त्याचा काय अपराध? त्याला जंताचे औषध मी आजच देतो. पुढेही ठरल्या वेळी देत राहा, आणि त्याची घाण पुरत जा. तुमचा मान मोडू नको, धुळाप्पा. फक्त तो शिजवून दे."

त्या दुपारी धुळाप्पाने चांगले मटण बराच वेळ उकळले, फुंकून निववले आणि कुणी घास घेण्याआधी हौश्यापुढे ठेवले. ठकू टाळ्या पिटत त्याच्या गळ्यात पडली. तिचे खेळून झाल्यावर बापाने तिला जवळ बोलावले. शिष्य न सांगता तांब्या घेऊन पाणी ओतू लागला. धुळाप्पा साबण लावून तिचे एकेक बोट, एकेक नख चोळू लागला.

"आबा, झालं की! किती धुताय?"

"झालं, बाय, झालं," तो म्हणाला, आणि धूतच राहिला.