आतला पाऊस

दादासाहेब रणनवरे गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष, आणि मंडळात शब्द चालायचा तो त्यांचाच. डिसेंबरच्या मोहिमेसाठी सगळ्यांनी रबरी अस्तराचं जाडजूड जाकीट घ्यायचं, असा त्यांनी हुकूम सोडला. मंडळातल्या मृण्मयीने मात्र सॉफ्टशेल जाकीट सुचवलं. पातळ, वारा अडवणारं, पण अंगातली वाफ बाहेर सोडणारं.

"मुसळधार पावसात टिकेल?" दादासाहेबांनी विचारलं.

"नाही. पण डिसेंबरात मुसळधार पाऊस कुठला?"

"अंग कोरडं ठेवत नाही ते जाकीट कसलं?"

"मग उद्या आपण दोघं आपापलं जाकीट घालून गड चढू," मृण्मयी म्हणाली. "वर जो कोरडा पोहोचेल, त्याचं जाकीट सगळ्यांनी घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. निकाल बघायला सगळं मंडळ आधीच गडावर जमलं होतं. मृण्मयी वर पोहोचली ती कोरडीठाक. मागून धापा टाकत दादासाहेब आले. त्यांनी चेन उघडली, तर घामाने सदरा पिळून काढावा इतका ओला. गडावरचा वारा लागताच त्यांचे दात वाजू लागले.

"दादासाहेब, तुमचं जाकीट पावसाला आत येऊ देत नाही, हे खरं," मृण्मयी म्हणाली. "पण ते आतच पाऊस पाडतं, त्याचं काय?"

सगळं मंडळ खो खो हसलं.

"हसताय काय," दादासाहेब कुडकुडत म्हणाले, "ते पातळवालं एक इकडे द्या आधी."